पार्श्वभूमी : वरातीतला बेंजो कुठून आला

लग्नसराईत धुळे-जळगावकडे वरातीपुढे जो बेंजो वाजतो, त्याचं मूळ जपानात आहे. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताईशोगोतो बनवला. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारा पडद्यांवर, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांवर, दाबायला टाइपरायटरसारख्या कळा. आपल्याकडे हेच वाद्य बुलबुल तरंग, म्हणजेच बेंजो, झालं. खरी नवी गोष्ट होती ती कळ. सूर कुठे आहे हे बोटाला शोधावं लागत नाही, म्हणून हात लवकर बसतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र गेली.

पडद्यांचं गणित सरळ आहे. मोकळी तार ६० सेंमी धरली, तर पहिला पडदा आडीपासून, म्हणजे तार जिथून सुरू होते त्या टेकूपासून, ३.३७ सेंमीवर येतो. पुढे दर पडद्याला उरलेली लांबी १.०५९५ ने भागत जायचं. पंचम जवळजवळ २० सेंमीवर पडतो, तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, बरोबर ३० वर. एवढं करूनही वाद्य बेसूर बोलतं, कारण कळ दाबताना तार खाली वाकते, ताण वाढतो आणि सूर चढतो. तार पडद्यांपासून जितकी उंच, तितका चढ जास्त. म्हणून आधी तार खाली घ्यायची, पण फार नाही, नाहीतर ती पुढच्या पडद्याला घासून झणझणते. मग घोडी, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाचा टेकू, थोडी थोडी मागे, पडद्यांपासून लांब सरकवायची, कळ दाबून येणारा तार सा मोकळ्या तारेच्या सुराच्या नेमका दुप्पट येईपर्यंत.

घरात हे पुरतं. रस्त्यावर ढोल-ताशापुढे पेटीचा आवाज दहा पावलांवर मरतो. तिथूनच वाद्य बदललं. तारांखाली चुंबकी पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनांची वीज करणारा भाग, बसला, टेम्पोवर अँप्लिफायर आणि भोंगे चढले. त्याबरोबर नव्या अडचणीही आल्या. चुंबकी पिकअपला फक्त पोलादी तार कळते. पितळी तार कितीही छेडा, भोंग्यातून काही येत नाही. लाकडाला चिकटवायचा पिकअप सगळ्या तारा घेतो, पण कळांची खटखटही घेतो. आणि पोकळ पेटी भोंग्यासमोर आली की तिचं लाकूड आपोआप थरथरतं, शिट्टी सुटते. पेटीत फोम कोंबला की ती बरीच दबते. भरीव फळीवरच तारा ताणल्या तर प्रश्नच मिटतो. आवाज आता विजेतून येतो, तेव्हा पोकळीची गरजच उरलेली नसते.

सातपुड्यातल्या आणि गुजरातच्या डांगाकडच्या पावरीची, फुंकून वाजवायच्या वाद्याची, गोष्ट वेगळी. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, आत कंप पावणारी पत्ती आणि सांधे बुजवायला मेण. श्वास न तोडता फुंकायची, म्हणून सूर अखंड राहतो. आता तो आवाज कीबोर्डवरही काढतात आणि बहुतेकदा सपाट निघतो. दोन नळ्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक ४४० हर्ट्झवर, दुसरी ४४३ वर असेल तर आवाजाचे सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. पावरीची गोडी बरीचशी त्यातच आहे. कीबोर्डवर एकच आवाज दोनदा लावून एक किंचित चढवला की थोडंफार जमतं. सोबत खरी पावरी असेल तर कीबोर्डचाच सूर तिच्या सुराला जुळवावा. ओलाव्याने पत्तीचा सूर हलतो, त्यामुळे हे दर गाण्याआधी तपासावं लागतं.