इराणची एफ-१४ विमानं खरंच ‘निकामी’ होती का?

फॉरवर्ड होत आलेली एक गोष्ट तुम्हीही वाचली असेल: १९७९ साली इराणच्या राजाची, म्हणजे शहाची, सत्ता गेली, पण अमेरिकी तंत्रज्ञांनी जाता जाता इराणला विकलेल्या एफ-१४ या लढाऊ विमानांत अशी काही पाचर मारली की ती पुन्हा उडालीच नाहीत. मग लगेच निष्कर्ष, ‘विकणाऱ्याच्या हातात विमान बंद पाडायचं बटण असतंच.’

बटण असतं तर वॉशिंग्टनची झोप कशाला उडाली असती? १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन तेहरानला गेले आणि अण्वस्त्रं सोडून हवं ते घ्या, असं शहाला जवळपास सांगूनच आले. शहाची ऑर्डर ८० एफ-१४ विमानांची होती, त्यातली ७९ पोहोचली. सोबत लांब पल्ल्याची फिनिक्स क्षेपणास्त्रं आणि पायलटांचं प्रशिक्षणही. अमेरिकी तंत्रज्ञांनी जाताना काही क्षेपणास्त्रांची मोडतोड केल्याचं सांगतात. पण इराकविरुद्धच्या आठ वर्षांच्या युद्धात हीच विमानं लढली. पाडलेल्या विमानांचे इराणी आकडे फुगवलेले धरले, तरी उडाली हे नक्की.

खरी कोंडी सुट्या भागांची होती. अमेरिकेचा पुरवठा बंद, म्हणून एका विमानाचे अवयव काढून दुसऱ्याला बसवायचे, काही भाग घरीच घडवायचे, बाकी चोरबाजारातून. गंमत म्हणजे १९८५-८६ मध्ये खुद्द अमेरिकेच्या रेगन सरकारनेच इराणला चोरून रणगाडाविरोधी टो क्षेपणास्त्रं आणि हॉक या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे भाग विकले! पुढे २००६ मध्ये अमेरिकी नौदलाने एफ-१४ निवृत्त केली, तेव्हा भाग इराणला मिळू नयेत म्हणून त्यातल्या बऱ्याच विमानांचा अक्षरशः चुरा करण्यात आला.