गोळी तीच, मग गुण का येत नाही?

"आणखी कुठली औषधं चालू आहेत?" असं आम्ही औषधविक्रेते काउंटरवर विचारतो, ते नसत्या चौकशा म्हणून नव्हे. त्याचं कारण तुमच्या यकृतात आहे.

यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत पीएक्सआर नावाचा न्यूक्लियर रिसेप्टर, म्हणजे रसायन ओळखून जनुकं चालू करणारं प्रथिन, असतो. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला. बहुतेक रिसेप्टर एखाद्याच हार्मोनला ओळखतात. याची खाच मात्र ऐसपैस, त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली कितीतरी रसायनं तिच्यात बसतात. असं रसायन बसलं की पीएक्सआर आपल्या जोडीदारासह, म्हणजे आरएक्सआरसह, डीएनएला चिकटतो आणि सीवायपी३ए४ हे एन्झाइम जास्त बनू लागतं. बाहेरून आलेलं रसायन मोडून शरीराबाहेर काढायची ही सोय. उत्तमच! पण हे एन्झाइम फक्त त्या एका रसायनावर थांबत नाही, सोबत घेतलेल्या इतर औषधांचाही फडशा पाडतं.

टीबीवरचं रिफाम्पिसिन (लघवी लालसर करणारं तेच) यात सगळ्यात जोरकस. गंमत म्हणजे उंदराचा पीएक्सआर त्याला फारशी दाद देत नाही, माणसाचा मात्र लगेच देतो. ते चालू असताना गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, किडनी बदललेल्यांचं टॅक्रोलिमस यांचा असर बराच घटतो. हे एका दिवसात होत नाही, आठवडा-दोन आठवडे लागतात. ओसरायलाही साधारण तेवढेच. आमच्या मते खरी मेख तिथेच आहे: टीबीच्या औषधामुळे वॉरफरिनचा डोस वाढवलेला असतो, कोर्स संपतो, एन्झाइम पूर्ववत होतं आणि तोच डोस आता जास्त होऊन रक्तस्रावाची भीती असते.

फिटांवरच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन या गोळ्याही असंच करतात. मुलं अमेरिकेहून 'हर्बल आहे, काही होत नाही' म्हणून पाठवतात ते सेंट जॉन्स वर्टसुद्धा.

टीबीच्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात, त्यामुळे आमच्या बिलात त्या दिसत नाहीत. तुम्ही सांगितलंत तरच कळतं. मात्र हे वाचून कुठलंही औषध, विशेषतः टीबीचं, परस्पर बंद करू नका. डोस डॉक्टरच बदलतील. येताना चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक आणि परदेशी डब्यांसकट. नाव छापलेला तुकडा आधीच कापून टाकू नका.