धसका, बोट आणि डोळे: एका उपचारामागची गोष्ट

२२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनलगत पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली. घाबरून खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. मृतांची मोजदाद झाली, जखमींचीही झाली. पण अंगावर ओरखडाही न येता घरी परतलेल्यांपैकी कुणाला पुढे इंजिनाची शिट्टी ऐकली तरी घाम फुटत असेल, तर त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही. खानदेशात अशा माणसाने 'धसका घेतला' म्हणतात, अहिराणीत 'धसका लिधा'. या धसक्यावर डोळ्यांच्या हालचालींचा एक उपचार आहे, ईएमडीआर, म्हणजे 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग'. डोळ्यांपुढे बोट फिरवून आठवणीचा त्रास कमी करतात हे ऐकल्यावर आपल्याकडे कुणी हसतं, तर कुणाला भगताचा उतारा आठवतो. दोन्हींच्या आधी त्याचा इतिहास जाणून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

या दुखण्याच्या सुरुवातीच्या वैद्यकीय नोंदींतही रेल्वेच आहे. १८६६ साली लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्यांबद्दल लिहिलं. जखम दिसत नाही, तरी झोप उडालेली, हात थरथरतात, लक्ष लागत नाही. पाठीच्या कण्याला हादरा बसल्यामुळे असं होतं, असा त्यांचा समज होता. भुसावळपर्यंत रूळ आले तेही याच दशकात. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ब्रिटिश सैन्याचे डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात खंदकांतल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेला 'शेल शॉक' म्हटलं. तरीही असे कित्येक सैनिक भेकड ठरवले गेले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या हालअपेष्टांनंतर १९८० साली अमेरिकेच्या मनोविकार सूचीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव आलं. म्हणजे दुखणं जुनं असलं, तरी त्याला अधिकृत नाव मिळून अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत.

नाव मिळाल्यावर सातच वर्षांनी, १९८७ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोस इथे फ्रान्सिन शापिरो बागेत फिरत होत्या. त्या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. कर्करोगातून उठल्यावर मानसशास्त्राकडे वळल्या होत्या. मनात घोळणारे त्रासदायक विचार अचानक बोथट झाल्याचं आणि त्या वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे फिरत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी इतरांवर प्रयोग केले आणि १९८९ साली २२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

एकाच बैठकीत आठवणीचा त्रास खूप कमी झाला, हा त्यातला दावा अनेकांच्या पचनी पडला नाही, आणि ते योग्यच होतं. अभ्यास लहान होता आणि प्रशिक्षणाची सूत्रं शापिरो यांच्याच हाती होती. हार्वर्डचे रिचर्ड मॅकनॅली यांनी तर लिहिलं की यात जे गुणकारी आहे ते नवं नाही, आणि जे नवं आहे ते गुणकारी नाही. त्यांचा मुद्दा हलका नव्हता. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची पद्धत मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी आधीच रुजवली होती. 'त्रास किती?' हे विचारून आकडा घेण्याची रीतही त्यांचीच. ईएमडीआरमध्ये ती ० ते १० अशी वापरतात. २००१ च्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात डोळे न हलवताही तेवढाच गुण येतो असं दिसलं. २०१३ च्या दुसऱ्या विश्लेषणात मात्र हालचालींचा वेगळा फायदा दिसला.

मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण कामचलाऊ स्मृतीचं, म्हणजे हातातल्या कामापुरतं मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं, आहे. तिची जागा तोकडी असते. भयंकर दृश्य डोळ्यांसमोर धरायचं आणि त्याच वेळी फिरत्या बोटामागे नजरही न्यायची, ही दोन कामं तिला झेपत नाहीत. मग दृश्य फिकट होतं आणि तसंच फिकट होऊन परत साठवलं जातं. बोटाऐवजी आळीपाळीने दोन्ही गुडघ्यांवर थोपटूनही किंवा कानांत आवाज देऊनही हा उपचार करतात. स्वतः शापिरो यांनाही पुढे नावातल्या 'डोळ्यां'ची अडचण वाटू लागली होती. त्या २०१९ साली वारल्या.

उपचार म्हणून त्याची बाजू आता भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली पीटीएसडीसाठी आघाताच्या आठवणींवर काम करणाऱ्या वर्तनोपचारांसोबत ईएमडीआरचीही शिफारस केली. भारतात त्याच्या प्रशिक्षणाला २००१ च्या भुज भूकंपानंतर चालना मिळाली.

बोट हा या उपचाराचा छोटा भाग आहे. टप्पे आठ असतात. आधी माणसाचा सगळा पूर्वेतिहास घेतात, त्रास वाढला तर स्वतःला सावरायचं कसं ते शिकवतात, मगच आठवणीला हात घालतात. आठवण पुसली जात नाही, तिचा डंख कमी होतो. त्यामुळे मोबाइलवरचा फिरता ठिपका बघून घरच्या घरी हे करू नये. उघडी पडलेली आठवण सावरायला शेजारी जाणकार माणूस लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांचा विचार करताना मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. काय घडलं ते अथपासून इतिपर्यंत मोठ्याने सांगावंच लागतं असं नाही. परक्यासमोर तोंड उघडणं जिवावर येतं अशा बाईसाठी ही मोठी सोय आहे. मात्र सुरुवातीला एक वाक्य तिला स्वतः शोधावं लागतं, त्या प्रसंगाने तिच्या मनात तिच्याचबद्दल रुतवलेलं. 'चूक माझीच होती' यासारखं. ते वाक्य प्रमाण मराठीत तिच्या तोंडी येणार नाही. ते अहिराणीत येईल, भिलीत येईल, पावरीत येईल. समोर बसलेल्याला ते त्याच बोलीत कळायला हवं.