आयरिश आणि केल्टिक पार्श्वभूमीचे व्हिडिओ गेम

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्समधील ब्रिटनी या केल्टिक भाषांच्या मुलखांत घडणारे, किंवा तिथल्या पुराणकथा, भूप्रदेश व संगीत यांच्या आधाराने रचलेले व्हिडिओ गेम या नावाखाली येतात. त्यांत साहसकथा आहेत, ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आहेत, राज्यविस्ताराचे डावपेची गेमही आहेत. धुके, ओली हिरवळ, उभे दगड, हार्पचे सूर आणि पोटात दुसरे जग लपवणारी टेकडी एवढे दिसले की 'केल्टिक' शिक्का सहज बसतो. पण ही सामग्री एका काळातली नाही. न्यूग्रेंजचे दगडी थडगे इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे आयर्लंडमध्ये केल्टिक भाषा पोहोचण्याच्या फार आधीचे. रेघांनी लिहिल्या जाणाऱ्या ओघम या जुन्या आयरिश लिपीतले शिलालेख मुख्यतः चौथ्या ते सहाव्या शतकातले. गुंतलेल्या गाठींच्या नक्षीसाठी प्रसिद्ध असलेले 'बुक ऑफ केल्स' हे हस्तलिखित इ.स. ८०० च्या आसपासचे. पबमध्ये ऐकू येणाऱ्या बऱ्याच चाली तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. चांगला गेम यांतला एक थर धरतो आणि खेळाचे नियमही त्यातूनच काढतो; बाकीच्यांत हे सगळे एकाच कढईत पडते.

या वर्गातला लक्षणीय असा सुरुवातीचा गेम म्हणजे गार्गॉयल गेम्सचा 'तीर न नोग' (१९८४, झेडएक्स स्पेक्ट्रम). नायक कू खुलिन, आयरिश पुराणकथांतला योद्धा, मेलेला आहे आणि चिरतारुण्याच्या भूमीत कॅलमच्या मुद्रेचे चार तुकडे शोधतो आहे. मेलेला असल्यामुळे तो पुन्हा मरत नाही. टेकड्यांत राहणाऱ्या 'शी' या अद्भुत लोकांनी गाठले की हातातल्या वस्तू जातात आणि तो आरंभस्थानी परततो. जीव मोजून खेळण्याच्या त्या काळात कथेतूनच निघालेला हा नियम फार नेटका होता. पडद्यावर वाट बाजूने दिसते आणि दृष्टिकोन ९० अंशांनी फिरवावा लागतो. नवखा खेळाडू इथेच चुकतो, कारण मघाशी उजवीकडे असलेली उत्तर दिशा वळल्यावर तिथे राहत नाही. म्हणून प्रत्येक वळणाला होकायंत्र पाहून कागदावर नकाशा काढणे भागच असे. पुढच्या वर्षी आलेला 'डुन डाराख' हा त्याचा पूर्वभाग. त्यात कू खुलिन सारथी लोइगला सोडवायला एका नगरात जातो.

ऑनलाइन गेमांत 'डार्क एज ऑफ कॅमलॉट'ने (२००१) तीन राज्यांपैकी एक, हायबर्निया, पूर्णपणे आयरिश कथांवर उभे केले. फिरबोल्ग आणि लुरिकीन या जमाती, ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित) आणि बार्ड (गायक-कवी) हे वर्ग, राजधानी तीर न नोग. कोरियन कंपनी नेक्सॉनच्या 'मॅबिनोगी'चे (२००४) नाव वेल्श कथासंग्रहावरून घेतले आहे, आतले जग मात्र आयरिश आहे: भूमीचे नाव एरिन, गाव तीर खोनल, देवता मॉरिगन, शत्रू फोमोर. तिथला एक दिवस खऱ्या ३६ मिनिटांचा. आठवड्याच्या सात वारांत इम्बोल्क, बेल्टना, लुनासा आणि साउइन हे चार खरे आयरिश सण बसवले आहेत. उरलेल्या तीन वारांची 'अल्बान' नावे मात्र अठराव्या शतकात उदयाला आलेल्या योलो मॉर्गनुग या वेल्श लेखकाची कल्पना. प्राचीन आणि अर्वाचीन किती सहज एका ओळीत येऊन बसतात, ते या एका पंचांगात दिसते.

'फोकलोर' (२००७, प्लेस्टेशन ३) हा जपानी गेम क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावरील डूलिन या खऱ्या गावाचे नाव घेतो, पण त्यातले गाव कल्पनेतले आहे. एलन आणि पत्रकार कीट्स या दोघांपैकी कोणाच्याही बाजूने कथा खेळता येते. दिवसा गावकऱ्यांशी बोलायचे, रात्री पबमध्ये जमणाऱ्या परलोकवासीयांची गाठ घ्यायची आणि मग परलोकात उतरायचे. तिथल्या प्राण्याला नमवले की त्याचा आत्मा बाहेर तरंगतो आणि कंट्रोलर झटक्याने वर उचलून तो ओढून घ्यावा लागतो. आत्मा लाल होण्याआधीच घाई केली तर पकड सुटते. त्यामुळे हालचाल ओळखणारा सेन्सर नसलेल्या स्वस्त कंट्रोलरवर हा गेम पुढे सरकतच नाही.

नवव्या शतकातले आयर्लंड सर्वांत विस्ताराने दिसते ते 'असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला'च्या 'रॅथ ऑफ द ड्रुइड्स' या विस्तारात (मे २०२१, युबिसॉफ्ट बोर्दो). डब्लिन, मीथ, कॉनाख्त आणि अल्स्टर असे चार प्रदेश. तारा टेकडीवरची लिआ फॉल शिळा आणि जायंट्स कॉजवेचे बेसॉल्टचे खांबही त्यात आहेत. कथेतला फ्लान सिना हा ८७९ मध्ये खरोखरच महाराजा झाला आणि ९१६ पर्यंत गादीवर होता. डब्लिनचा नॉर्स राजा बरिद याची नोंदही आयरिश बखरींत आहे. खेळाचा कणा व्यापार आहे. व्यापारी ठाण्यावरचे पहारेकरी हटवायचे, लपवलेला मालकीचा दस्तऐवज शोधायचा, सामान खर्चून ठाणे उभारायचे. मग ठरावीक वेळाने माल जमत जातो आणि तो डब्लिनमध्ये व्यापार सांभाळणाऱ्या अझारकडे परदेशी करारांसाठी द्यायचा. ठाणे ताब्यात येऊनही मालक होता येत नाही, तेव्हा बहुधा दस्तऐवज राहिलेला असतो. ठाण्याभोवती पुन्हा शोध घ्यावा. कबुतरखान्यांतून मिळणाऱ्या राजांच्या कामांना जादा बक्षिसाची अट असते, उदाहरणार्थ कोणाच्याही नजरेस न पडणे. अट मोडली तरी काम होते, जादा बक्षीस मात्र जाते. म्हणून काम हाती घेण्याआधी सेव्ह करून ठेवावे. खटकणारी गोष्ट खलनायकांची. नवव्या शतकात आयर्लंड ख्रिस्ती होऊन सुमारे चारशे वर्षे झाली होती. ड्रुइडांचा गुप्त पंथ कथेला रंग देतो, त्या काळाचे खरे अधिष्ठान असलेले मठ मात्र मागे ढकलतो. हाच फ्लान सिना 'थ्रोन्स ऑफ ब्रिटानिया'मध्येही (२०१८) भेटतो. तिथे मोहीम ८७८ साली सुरू होते आणि मिदे (म्हणजे मीथ) राज्य घेतले की सूत्रे त्याच्याकडे असतात.

डावपेची गेमांत आयर्लंडला 'शिकवणी बेट' असे टोपणनाव पडले आहे. 'क्रुसेडर किंग्ज ३'चा (२०२०) मार्गदर्शक डाव १०६६ साली मन्स्टरच्या मुरखदकडून सुरू होतो. बेटावर छोटी छोटी राज्ये असल्यामुळे शेजारी एकेक करून जिंकता येतात आणि मोठा शत्रू लगेच अंगावर येत नाही. नवशिक्याचा डाव फसतो तो मुरखदच्या मृत्यूनंतर. वारसाहक्काने जमीन मुलांत वाटली जाते आणि जमवलेल्या राज्याचे तुकडे पडतात. यावर उपाय म्हणजे सर्वांत चांगले परगणे थोरल्याच्या वाट्याच्या डचीत, म्हणजे परगण्यांच्या गटात, ठेवणे. इतिहासाच्या दृष्टीने ही निवडही सैल आहे: १०६३ पासून मन्स्टरवर मुरखदचा चुलतभाऊ तॉर्देलवाख याचा अंमल होता. 'एज ऑफ एम्पायर्स २'मधले (१९९९) केल्ट लोक तर हजार वर्षांचे मिश्रण आहेत. अंगाला निळा रंग फासलेले प्राचीन योद्धे, तेराव्या शतकातला विल्यम वॉलेस आणि 'आश्चर्य' (वंडर) या खास इमारतीच्या जागी टिपररीतला रॉक ऑफ कॅशेल, सगळे एकाच बाजूला.

धुके आणि ड्रुइड सोडून खरे आयर्लंड दाखवणारा गेम म्हणजे 'इफ फाउंड' (२०२०). ड्रीमफील या आयरिश स्टुडिओचा हा सुमारे दोन तासांचा गेम डिसेंबर १९९३ मध्ये, मेयो परगण्यातल्या अकिल बेटावर घडतो. कॅसियो ही ट्रान्स तरुणी घरी परतते आणि घरचे तिला स्वीकारत नाहीत. पडद्यावर तिची डायरी असते, आणि खेळाडूच्या हातात फक्त खोडरबर. माउस किंवा बोट फिरवले की चित्र, अक्षर, खाडाखोड पुसली जाते आणि खालून पुढचा प्रसंग वर येतो. पुसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आवडलेले पानही स्वतःच्या हाताने नाहीसे करावे लागते, आणि त्यातच या गेमची सगळी ताकद आहे. समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारा कायदा आयर्लंडमध्ये १९९३ च्या उन्हाळ्यात झाला होता. हे लक्षात ठेवून खेळले तर कायदा आणि घर यांतले अंतर पानोपानी जाणवते. बोलीतल्या शब्दांचे अर्थ गेममध्येच दिले आहेत. अशा देशी कामाला बळ मिळावे म्हणून आयर्लंडने २०२२ मध्ये डिजिटल गेमसाठी ३२ टक्के करसवलत सुरू केली. ती मिळवण्यासाठी सांस्कृतिक निकषाचे प्रमाणपत्र लागते.

स्कॉटिश बाजूला 'हेलब्लेड' (२०१७) ही ऑर्कनीतल्या सेनुआ या पिक्ट (स्कॉटलंडमधल्या एका प्राचीन जमातीच्या) योद्धीची कथा आहे. तिला ऐकू येणारे आवाज दोन कानांसाठी वेगळे ध्वनिमुद्रित केले आहेत. स्पीकरवर ते एकमेकांत मिसळतात आणि मागून येणारी सूचना कळत नाही, म्हणून हेडफोन हवेतच. 'अ हायलँड साँग'मध्ये (२०२३) मोइरा बेल्टना सणाआधी समुद्रकाठच्या दीपगृहापर्यंत पोहोचायला घरातून निघते. पावसात भिजले की दम कमी होतो, रात्र गुहेत किंवा आडोशाला काढावी लागते. सपाटीवर धावताना तालावर उड्या मारायच्या असतात.

'केल्टिक' वाटण्याचे अर्धे श्रेय संगीताचे. जिग आणि रील या नाचाच्या चाली: जिग ६/८ मध्ये, रील ४/४ मध्ये. जिगचे तीन-तीनचे गट दादऱ्याला सरावलेल्या कानाला लगेच सापडतात. आयरिश चाली बऱ्याचदा डोरियन किंवा मिक्सोलिडियन स्वरमालिकेत असतात, म्हणजे आपल्या काफी आणि खमाज थाटांच्या सुरांत. मराठी कानाला त्या परक्या वाटत नाहीत यामागे हेही एक कारण असावे. वाद्यांच्या बाबतीत मात्र गेम सैल असतात. टिन व्हिसल या पत्र्याच्या बासरीचे कारखानी उत्पादन १८४३ नंतरचे, इलन पाइप्स ही आयरिश बॅगपाइप अठराव्या शतकात घडली आणि बोध्रान ही डफासारखी चर्मवाद्याची साथ मैफलींत रुळली ती १९६० नंतर. मध्ययुगीन कथेत तारांची हार्प आणि मानवी आवाज पुरतो. 'विचर ३'च्या (२०१५) स्केलिगे बेटांवरची एक प्रसिद्ध धून 'फेर अ व्हाता' या स्कॉटिश गेलिक गाण्यावर आधारलेली आहे. बेटांचे नाव केरी किनाऱ्यावरच्या स्केलिग बेटांची आठवण देते.

ओघम लिपी गेममध्ये बहुतेक वेळा मंत्राक्षरांसारखी, सपाट भिंतीवर चमकताना दिसते. मूळ लिपीत पाच-पाच अक्षरांचे चार गट असतात. रेघा दगडाच्या कडेवर कोरतात आणि खालून वर वाचतात. मजकूरही साधा असतो: अमका, अमक्याचा मुलगा. नावांचे उच्चार करताना रोमन स्पेलिंगच्या नादी लागू नये. लिहिताना मध्ये 'एमएच' येते तो सण 'साउइन', शेवटी 'डीएचई' असलेले टेकडीतले लोक 'शी', आणि 'जीएच'ने संपणारा देव नुसता 'लू'.