दोन मीटरची पुली गोल कशी होते

खडी फोडणाऱ्या मोठ्या क्रशरला पट्ट्यांनी फिरवणारी पोलादी पुली २ मीटर व्यासाची असू शकते. पाळ, म्हणजे बाहेरचं कडं, ३०० मिलिमीटर रुंद आणि ८० जाड, मधे ४० मिलिमीटरची तबकडी, पोटात २०० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे शाफ्टसाठीच्या भोकाचा, दणकट हब असं धरलं, तर वजन सव्वादोन टनांच्या आसपास जातं. असली पुली व्हर्टिकल लेथवर, म्हणजे वस्तू आडव्या टेबलावर फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, चढलेली पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते, कारण यंत्र फारच सावकाश फिरतं. मिनिटाला जेमतेम १६ फेरे.

पोलाद कापणं हा या कामातला सोपा भाग आहे. कार्बाइडची टिप, म्हणजे टूलचं कठीण टोक, ते मुकाट्याने कापते. कस लागतो तो पुली गोल ठेवण्यात. एवढ्या आकाराचं पोलाद आपण समजतो तितकं ताठ नसतं. ते स्वतःच्या वजनाने वाकतं, आवळलं की दबतं, तापलं की फुगतं आणि वरचा थर उतरवला की आत कोंडलेला ताण सुटून भलतीकडेच वळतं. हे सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत घडतं हे खरं, पण पुलीची मापंही त्याच हिश्श्यांत तपासली जातात.

नेहमीच्या आडव्या लेथवर जॉब, म्हणजे कापायची वस्तू, चकच्या म्हणजे फिरत्या पकडीच्या तोंडाशी लटकलेला असतो. सव्वादोन टन वजन स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या बेअरिंगच्याही बाहेर टांगलं, तर स्पिंडल किंचित का होईना, खाली झुकणारच. शिवाय चकच्या जॉंना, म्हणजे जबड्यांना, दुहेरी काम पडतं: वजन पेलायचं आणि जॉब घसरूही द्यायचा नाही. पेलण्यासाठी जितकं आवळावं तितका जॉब दबतो. व्हर्टिकल लेथमध्ये हेच चक आडवं निजवून त्याचं फिरतं टेबल केलेलं असतं. क्रेनने पुली वर ठेवली की वजन सरळ खाली टेबलात उतरतं. टेबलाखाली रोलर बेअरिंग असतात, नाहीतर दाबाने सोडलेलं तेल. तेलाच्या बाबतीत सगळा डोलारा मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या थरावर तरंगत असतो. जॉंकडे उरतं ते फक्त मध्य राखण्याचं आणि घसरू न देण्याचं काम. योहान गेओर्ग बोडमर या स्विस अभियंत्याने १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. तेव्हापासून नियंत्रणं पार बदलली, मूळ मांडणी मात्र तीच राहिली.

तोटाही आहे. आडव्या लेथवर कापलेला कीस आपोआप खाली पडतो. इथे तो टेबलावर आणि बोअरच्या तळाशी साठत जातो. अर्धवट साफ केलेल्या टेबलावर पुली टेकवली आणि खाली किसाचा एखादा तुकडा राहिला, तर पुढची सगळी अचूकता त्या तुकड्यावर उभी राहते. म्हणून चांगला ऑपरेटर टेबल फडक्याने पुसून थांबत नाही, वरून तळहात फिरवून बघतो.

खरी कारागिरी यंत्र सुरू होण्याआधीच दिसते. कच्च्या पुलीचा तळ सपाट नसतो, म्हणून ती आधी तीन आधारांवर टेकवतात. तीन बिंदूंवर ठेवलेली वस्तू डुगडुगत नाही, हा भूमितीचा नियम. पण तीनच आधारांवर एवढी पाळ मधल्या भागात झोल खाणार आणि टूलच्या दाबाने थरथरणार, म्हणून मधे आणखी जॅक द्यावे लागतात. आता प्रश्न असा, की हे जास्तीचे जॅक किती वर चढवायचे? कमी चढले तर आधार नाही, जास्त चढले तर तेच पुलीला उचलून वाकवणार. इथे डायल, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशाची हालचालही काट्याने दाखवणारं साधन, कामाला येतो. त्याचा पिन जॅकच्या वर पाळीवर टेकवायचा आणि जॅकचा स्क्रू हळूहळू फिरवत राहायचा. काटा हलू लागला की पुली उचलली जाऊ लागली. मग काटा शून्यावर येईपर्यंत मागे. क्लॅम्प आवळतानाही तेच. बोल्ट घट्ट करताना काटा दोन घरं सरकला, म्हणजे खाली ०.०२ मिलिमीटरची पोकळी आहे आणि आपण पुलीला त्या पोकळीत दाबतो आहोत. क्लॅम्प सैल करायचा, पातळ शिम, म्हणजे पत्र्याची पट्टी, सरकवायची, पुन्हा आवळायचं. सगळे क्लॅम्प घट्ट होऊनही काटा जागचा हलला नाही, की पुली जशी आहे तशीच धरली गेली.

हा सोस न केल्यास काय होतं ते मजेशीर आहे. समजा, पाळ तीन जॉंनी जोरात आवळली. जॉंच्या जागी ती आत दबते, मधल्या जागी बाहेर फुगते. या दबलेल्या अवस्थेत टूल तिला अगदी गोल कापतं. डायल लावा, काटा हलत नाही. मग जॉ सैल केले की दबलेल्या जागा बाहेर उसळतात, फुगलेल्या आत जातात आणि गोल पुलीला तीन उंचवटे येतात. आता मायक्रोमीटरने व्यास मोजायला जा: प्रत्येक उंचवट्याच्या बरोबर समोर एक खोलगट जागा असते. एकीकडे जितकं वाढलं तितकंच दुसरीकडे घटलं. व्यास सगळीकडे सारखाच भरतो!

बरं, मोठे व्यास मोजायला पाय टेप वापरतात. पोलादाची पातळ पट्टी परिघाभोवती गुंडाळायची. तिच्यावरच्या खुणा परीघ भागिले π अशा आखलेल्या असतात, त्यामुळे थेट व्यास वाचता येतो. पण तीही इथे फसते. जोसेफ-एमिल बार्बिए या फ्रेंच गणितज्ञाने १८६० मध्ये सिद्ध केलं, की सगळ्या दिशांनी सारखीच रुंदी असलेल्या कोणत्याही फुगीर आकृतीचा परीघ त्या रुंदीच्या π पटच असतो, मग ती वर्तुळ असो वा नसो. म्हणजे मायक्रोमीटर आणि टेप एकाच सुरात खोटं बोलतात. चोरी पकडायची तर जॉ पूर्ण सैल करून, पुली हलक्या हाताने पुन्हा मध्यावर आणून, टेबल सावकाश फिरवत डायल पाहायचा. चार जॉंचा दोष निदान मायक्रोमीटरला सापडतो, कारण तिथे उंचवट्यासमोर उंचवटाच येतो. फिनिशिंगच्या, म्हणजे अखेरच्या कटांच्या, वेळी जॉ मुद्दाम सैलसर ठेवतात ते याचसाठी. बारीक कटाला फार पकड लागतही नाही.

आतल्या ताणाचं प्रकरणही याच जातीचं. प्लेटा वेल्ड करून केलेली असो की ओतीव, पुली थंड होताना तिचे जाड-पातळ भाग वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि एकमेकांना ओढून धरतात. भट्टीत ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड केल्यावर यातला बराच ताण निघतो, सगळा नाही. म्हणून आधी दोन्ही बाजूंचं रफिंग, म्हणजे सुरुवातीचे जाड कट, उरकायचं, मग सगळे क्लॅम्प सोडून पुलीला तिच्या मनासारखं वळू द्यायचं आणि त्यानंतर फिनिशिंगला हात घालायचा. घाईच्या ऑर्डरीत नेमकी हीच पायरी गाळली जाते, असा माझा अनुभव आहे.

आता त्या १६ फेऱ्यांविषयी. टिपच्या दृष्टीने फेऱ्यांना अर्थ नाही; तिच्यासमोरून मिनिटाला किती मीटर पोलाद सरकतं एवढंच तिला कळतं. २ मीटर व्यासाचा परीघ ६.२८ मीटर. मिनिटाला १६ फेरे म्हणजे १०० मीटर. तोच वेग ५० मिलिमीटरच्या दांड्यावर हवा असेल तर ६३७ फेरे लागतील. तेव्हा संथ दिसणारं ते टेबल टिपसाठी मुळीच संथ नसतं. एका फेऱ्याला टूल ०.४ मिलिमीटर खाली सरकत असेल, तर ३०० मिलिमीटरची पाळ उतरायला ७५० फेरे, म्हणजे सुमारे ४७ मिनिटं. तेवढ्यात टिपचं टोक पोलादातून सलग ४.७ किलोमीटर गेलेलं असतं. या प्रवासात ते झिजतं आणि झिजेल तसा कट उथळ होतो. त्यामुळे वर बरोबर असलेला व्यास तळाशी किंचित जास्त भरतो. फिनिशिंगच्या अखेरच्या कटाला टिपची नवी धार लावतात ती यामुळे.

वेग आणि झीज यांचं गणित ज्याने मांडलं त्या फ्रेडरिक टेलरचे प्रयोगही अशाच यंत्रावर सुरू झाले. १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिडव्हेल कारखान्यात त्याला ६६ इंची व्हर्टिकल बोअरिंग मिल मिळाली आणि तिच्यावर रेल्वे इंजिनाच्या चाकांच्या कडक पोलादी धावा चढवून तो दिवसेंदिवस त्यांचा कीस पाडत राहिला. टूलच्या टोकावर पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, हे त्याला तिथेच आढळलं. पुढे २६ वर्षं हे काम चाललं. निष्पत्ती अशी, की वेग थोडा वाढवला तरी टूलचं आयुष्य भरमसाट घटतं. कार्बाइडच्या टिपला वेग निम्मा केल्यास ती ढोबळमानाने सोळापट टिकते.

टिपला सोसेल तो वेग पुलीला सोसेलच असं मात्र नाही. आतला २०० मिलिमीटरचा बोअर त्याच १०० मीटरच्या वेगाने कापायचा तर टेबल १६० फेऱ्यांनी फिरवावं लागेल. तेव्हा बाहेरची पाळ ताशी ६० किलोमीटरने पळत असेल. कच्ची पुली कधीच समतोल नसते. ८०० मिलिमीटर त्रिज्येवर २० किलो जास्तीचं पोलाद असेल, तर १६ फेऱ्यांना ते बाहेर ओढतं साडेचार किलोच्या जोराने. १६० फेऱ्यांना साडेचारशे किलोच्या. फेरे दहापट, ओढ शंभरपट. शिवाय जॉ स्वतःही बाहेर फेकले जाऊ लागतात आणि पकड सैलावते. म्हणून बोअर टिपच्या आवडीपेक्षा बऱ्याच कमी वेगाने करतात. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, यंत्र फेसिंग करताना, म्हणजे सपाट तोंड कापताना, टूल मध्याकडे जाईल तसे फेरे आपोआप वाढवत नेतं. त्याला आधीच कमाल मर्यादा घालून दिली नाही, तर ते बिचारं आज्ञाधारकपणे वाढवतच राहतं.

उष्णता हा यातला सर्वांत गुपचूप शत्रू. कापताना निर्माण होणारी बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते, निळसर पडलेला कीस त्याचीच साक्ष. तरीही उरलेली पुलीत मुरते. पोलादाचा एक मीटर एका अंशाला सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढतो. पुली १० अंशांनी तापली तर बाहेरचा व्यास ०.२३ मिलिमीटरने फुगतो, आणि २०० चा बोअर ०.०२३ ने. एच-७ या प्रमाणित श्रेणीच्या या बोअरला एकूण सूट असते ०.०४६ मिलिमीटरची. म्हणजे गरम पुलीत बरोबर भरलेला बोअर थंड झाल्यावर अर्धी सूट गिळून बसतो, आणि शाफ्ट घालायला जावं तर जात नाही. मापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश ठरलेलं आहे, पण प्रत्येक कारखाना २० अंशांवर कसा असेल? सुदैवाने मायक्रोमीटरही पोलादाचाच असतो. दोघे एकाच तापमानाला आले की चूक बहुतेक कटते. त्यामुळे रफिंगनंतर पुली रात्रभर तशीच ठेवून सकाळी शेवटचा कट घ्यायचा, हा आळस नव्हे.

पाळीवर पट्टे ज्यांत बसतात त्या खाचा शेवटी. व्ही-बेल्टच्या, म्हणजे पाचरीसारख्या पट्ट्याच्या, बाजू ४० अंशांचा कोन करतात, पण मोठ्या पुलीची खाच ३८ अंशांची कापतात आणि लहान पुलीची त्याहून अरुंद. वळताना पट्ट्याचा आतला भाग दबून रुंदावतो, त्यामुळे बाजूंमधला कोन कमी होतो. वळण जितकं तीव्र तितका अधिक. पट्टा तळाला टेकायचा नसतो, दोन्ही भिंतींत पाचरीसारखा रुतायचा असतो. ३८ अंशांच्या खाचेत त्याची पकड सपाट पाळीच्या सुमारे तिप्पट होते. मात्र पाचरीमुळे चूकही वाढून येते. आठ खाचांपैकी एक ०.१ मिलिमीटर रुंद झाली तर तिच्यातला पट्टा इतका खोल बसतो, की त्याच्यापुरता पुलीचा व्यास ०.२९ मिलिमीटरने कमी होतो. दर फेऱ्याला ०.९ मिलिमीटरचा फरक. पुली मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला जवळजवळ २३ सेंटीमीटर. तेवढा तो पट्टा घसरत राहतो, तापतो आणि त्याच्या वाट्याचा भार इतर सात ओढतात. खाचा तपासताना सारख्या जाडीच्या दोन गोल सळया समोरासमोर बसवून त्यांच्या बाहेरून माप घेतात. प्रत्येक खाचेचं माप जुळलं पाहिजे. एकूण व्यास जरा कमी-जास्त झाला तर चालून जातं, खाचांनी एकमेकींशी फारकत घेतलेली चालत नाही.

तोलाच्या बाबतीत मात्र एवढी कडक शिस्त नसते. २५० फेऱ्यांच्या, सव्वादोन टनी पुलीला जी-१६ या प्रमाणित प्रतीचा समतोल दिला, तर पाळीवर सुमारे दीड किलोचा फरक खपतो. पुली शाफ्टवर चढवून दोन समांतर, गुळगुळीत पट्ट्यांवर मोकळी सोडतात; जड बाजू लोळत खाली येते, आणि तिथे पाळीच्या आतल्या अंगाने, खाचांना धक्का न लावता, भोकं पाडून वजन काढून टाकतात.