मुळा-प्रवरेची वीज आणि 'गळती' या शब्दाचा गुंता

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगाव सौर प्रकल्पांसाठी जागा शोधल्या जात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात, हा विषय निघाला की त्याला एक जुना संदर्भ आपोआप चिकटतो. राज्यात इतरत्र वीज म्हणजे राज्य वीज मंडळ आणि नंतर त्याची वितरण कंपनी. इथे मात्र सुमारे ४० वर्षे वीज म्हणजे मुळा-प्रवरा. दोन नद्यांच्या नावाची ही सहकारी संस्था खांब रोवत होती, डीपी बसवत होती, बिले वाटत होती आणि वसूलही करत होती. सौर ऊर्जा आणि वीजबचत यांवर आज जी भांडणे होतात, त्यांतील बरीचशी या संस्थेच्या हिशेबवहीत आधीच होऊन गेली आहेत.

सुरुवात थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात खासगी कंपन्या शेतांपर्यंत तारा न्यायला तयार नव्हत्या, तेव्हा सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनीच वीज सहकारी संस्था काढल्या. तोच नमुना १९६९मध्ये भारतात आला. त्या वर्षी केंद्राने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. त्याच्या सुरुवातीच्या भांडवलात पीएल-४८०च्या, म्हणजे अमेरिकी मदतीतून आलेल्या, धान्याचे रुपये होते आणि सल्ला अमेरिकी वीज सहकारी संस्थांच्या महासंघाचा होता. प्रयोगासाठी पाच संस्था निवडल्या गेल्या: महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडीनार, आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. श्रीरामपूर-राहुरीची निवड समजण्यासारखी होती. कालवे होते, ऊस होता, सहकारी साखर कारखानदारीचा अनुभव होता, आणि सभासद होऊन भागभांडवल भरायचे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

ही संस्था वीज तयार करत नव्हती. मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ विकायची, एवढाच तिचा धंदा. घाऊक खरेदी मीटरवर होती. किरकोळ विक्रीही सुरुवातीला बहुतांश मीटरवर असल्याने गणित जुळत होते. ते बिघडले १९७७पासून, जेव्हा राज्यात शेतीपंपांना अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. पंप पाच हॉर्सपॉवरचा असेल तर वर्षाला ठरावीक रक्कम भरायची, मग तो दिवसातून दोन तास चालो की बारा. मीटर वाचायचा खर्च वाचला, शेतकऱ्याला बिलाची भीती उरली नाही, आणि त्या काळच्या राजकारणात हा निर्णय लोकप्रिय ठरला यात नवल नाही. पण संस्थेची अवस्था अशी झाली की एका दाराने युनिट मोजून माल घ्यायचा आणि दुसऱ्या दाराने न मोजता द्यायचा. राज्याच्या मंडळाकडे मुंबईभोवतीचे आणि पुण्याचे कारखाने होते, त्यांच्या चढ्या दरातून शेतीचा तोटा भरून काढता येत होता. मुळा-प्रवरेकडे बहुतेक ग्राहक शेतीपंप, घरे आणि छोटी दुकाने. पुढे घाऊक विजेची जी थकबाकी साचली, तिचे मूळ इथे आहे. संस्थेच्या कारभारावर टीका करताना हे मूळ सोयीस्करपणे बाजूला ठेवले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 'गळती'कडे येऊ. या एका शब्दाने जेवढा गोंधळ घातला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने घातला असेल.

वीज व्यवहारात गळती म्हणजे आत आलेले युनिट वजा बिल झालेले युनिट. ऐकायला सरळ आहे. पण त्या वजाबाकीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र पडतात. पहिली तारांमधली: लांबच लांब लघुदाब लाइन, बारीक तार, टोकाला कमी दाब, आणि त्यामुळे उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज. दुसरी चोरी: तारेवर टाकलेले आकडे, मीटरमधली फेरफार, नोंद पाच अश्वशक्तीची आणि विहिरीवर मोटर साडेसातची. तिसरी गोष्ट खरे तर गळती नव्हेच. ती आहे मीटर नसलेल्या पंपांचा वापर, जो कुणी मोजलेलाच नाही. तो अंदाजाने धरायचा: एकूण अश्वशक्ती गुणिले वर्षाचे तास. यातील तास कोण ठरवणार, तर जो हिशेब मांडतो तो.

उदाहरणादाखल एक गणित करून पाहू. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. ती वर्षात १००० तास चालली असे धरले तर वापर सुमारे ३७०० युनिट, आणि १५०० तास धरले तर ५६००च्या आसपास. एका पंपामागे हा १९०० युनिटचा फरक 'शेतीवापर' या रकान्यात टाका, संस्था कार्यक्षम दिसते. तोच 'गळती'त टाका, संस्था दिवाळखोर आणि चोरांना सामील दिसते. जमिनीवर काहीही बदललेले नसते. तीच तार, तीच विहीर, तोच ऊस. काही हजार पंपांनी याला गुणले की एखाद्या संस्थेचे नाव राहते किंवा जाते.

मुळा-प्रवरेबद्दल गळतीचे वेगवेगळे आकडे फिरत राहिले ते यामुळेच. संस्था एक सांगे, घाऊक वीज देणारे दुसरे सांगत, आणि दोघांच्याही हाती विहिरीवरचे मीटर नव्हते. चोरी नव्हती असे मी म्हणत नाही. तारांवर आकडे होते, आणि ते काढायला जाणाऱ्या वायरमनला गावात काय ऐकावे लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. संस्थेचा कारभार जिल्ह्याच्या राजकारणापासून वेगळा नव्हता. वसुलीत माणसे बघून ढिलाई होते, हा आरोपही हवेतला नव्हता. पण पुढे राज्यभराच्या पातळीवर हाच प्रश्न निघाला. राज्याच्या वीज नियामक आयोगाने शेतीचा वापर तपासायला कार्यगट नेमला, तेव्हा मोठ्या वितरण कंपनीच्याच हिशेबात शेतीवापर फुगलेला आणि गळती आकसलेली दिसत असल्याचे पुढे आले. ज्या फुटपट्टीने छोट्या संस्थेला मोजले, तीच वाकडी निघाली. या गोष्टीला जेवढे महत्त्व मिळायला हवे होते तेवढे मिळालेले नाही.

मुळा-प्रवरेचा वीज वितरणाचा परवाना गेला, तो २०११चा निर्णय या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. २००३च्या वीज कायद्याने जुन्या परवानाधारकांना त्यांच्या मुदतीपर्यंत चालू राहू दिले होते. मुळा-प्रवरेची मुदत ३१ जानेवारी २०११ रोजी संपत होती. तोवर घाऊक विजेची थकबाकी, व्याज धरून, दोन हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेल्याचे सांगितले जात होते. संस्थेला हा आकडा मान्य नव्हता. घाऊक दरच आपल्या ग्राहकवर्गाला न झेपणारा लावला गेला, असे तिचे म्हणणे. मुदत संपायला चार दिवस उरले असताना आयोगाने त्या क्षेत्राचा परवाना राज्याच्या वितरण कंपनीला देण्याचा आदेश काढला आणि १ फेब्रुवारीपासून कारभार बदलला.

इतक्या वर्षांनंतरही या निर्णयाबद्दल दोन तट आहेत. एका बाजूचे म्हणणे: थकबाकी भरत नाही त्याला वीज विकायचा परवाना का द्यावा? शिवाय ती थकबाकी अखेर राज्यातल्या इतर ग्राहकांच्या बिलातून निघणार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे: शेतीच्या थकबाकीवर परवाना जायचा असेल, तर तो निकष सर्वांना लावा. वितरण कंपनीची स्वतःची कृषी थकबाकी हजारो कोटींत आहे, तिचा परवाना कुणी काढला नाही. प्रकरण अपिलात गेले. खांब, तारा, उपकेंद्रे सभासदांच्या संस्थेची आणि त्यांतून वाहणारी वीज दुसऱ्याची, अशी विचित्र स्थिती आली, आणि ते जाळे वापरण्याचा मोबदला किती यावर स्वतंत्र वाद झडला. मला स्वतःला पहिल्या बाजूचा पैशांचा मुद्दा पटतो. पण पर्याय फक्त दोनच होते, हे पटत नाही. कायद्याच्या कलम ५मध्ये ग्रामीण वितरण पंचायती, ग्राहक संघटना, सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्याचा उल्लेख आहे. हुक्केरी आणि सिरसिल्ला या मूळ पाचांतल्या दोन संस्था आजही वीज वितरित करतात. हुक्केरी तर संकेश्वरजवळ, आपल्या सीमेला लागून आहे.

वीजबचतीचे प्रयत्न याच न मोजण्याच्या भिंतीवर आपटत आले. दाब कमी-जास्त होतो म्हणून शेतकरी जाड वाइंडिंगची, दणकट, वीज जास्त ओढणारी मोटर घेतो. ती जळली की गावातच पुन्हा भरून घेतो आणि दर भरणीला तिची कार्यक्षमता घसरते. कपॅसिटर बसवला तर डीपीवरचा भार हलका होतो, पण त्याचा फायदा शेजाऱ्यांत वाटला जातो आणि खर्च एकट्याचा. ऑटोस्विचचेही तसेच. रात्री दोनला वीज येणार, तेव्हा चिखलातून, सापाकिरड्यातून विहिरीवर कुणी जायचे? म्हणून ऑटोस्विच. मग वीज आली की फिडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या एका वाहिनीवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्र जळते. ते बदलून येईपर्यंत पीक वाळते. शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांनी एकदा ती रात्रपाळी करून पाहावी.

२००९च्या सुमारास मंगळवेढ्यात, सोलापूर जिल्ह्यात, शेतीपंपांच्या कार्यक्षमतेचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प हाती घेतला गेला. पाच फिडर, २२०९ पंप, जुने काढून कमी वीज खाणारे, स्टार मानांकनाचे बसवायचे. अडचण इथेही तीच. अश्वशक्तीवर बिल भरणाऱ्याला युनिट वाचवून एक रुपयाही सुटत नाही, बचत कंपनीची होते. म्हणून पंपाचा खर्च बाहेरच्या गुंतवणूकदाराने करायचा आणि वाचलेल्या विजेतून तो वसूल करायचा, अशी रचना करावी लागली. एलईडी दिव्यांचे काम २०१५नंतर झपाट्याने झाले, कारण घरात मीटर आहे आणि वाचलेला पैसा घरातच राहतो.

या कोंडीतून वाट दाखवणारे उदाहरण गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावचे आहे. २०१६मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. आधी ते डिझेलवर पाणी उपसत. पॅनेल ग्रिडला जोडले, वितरण कंपनीशी २५ वर्षांचा करार केला, आणि पंपाला नको असलेली वीज ४ रुपये ६३ पैसे युनिटने विकायला सुरुवात केली. बदल्यात सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला. वर काही काळ एका संशोधन संस्थेने हरित ऊर्जेसाठी आणि पाणी वाचवण्यासाठी प्रत्येकी सव्वा रुपया जादा दिला. विहिरीवर प्रथमच असे मीटर लागले, जे शेतकऱ्याला हवेसे होते. पंप बंद ठेवला तर तेवढ्या युनिटचे पैसे खात्यात जमा. २०१८मध्ये गुजरातने याच कल्पनेवर फिडर पातळीची योजना आणली.

महाराष्ट्राने दुसरा मार्ग धरला. २०१७च्या योजनेत पंपाऐवजी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचा फिडर त्यावर चालवायचे ठरले. पहिले प्रकल्प राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी इथे घेतले गेले. २०१९च्या केंद्रीय योजनेत ५०० किलोवॅट ते दोन मेगावॅटचे प्रकल्प शेतकरी, पंचायती आणि सहकारी संस्थांनी उभारावेत अशी तरतूद होती. राज्याच्या योजनेच्या २०२३पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात वेग आला, पण निविदा जिल्ह्यांचे गट करून निघाल्या आणि हजारो मेगावॅटची कामे मोठ्या कंपन्यांकडे गेली. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४मध्ये सुरू झाला. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख.

दिवसा वीज येणे ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल कमी करायचे कारण नाही. ज्याच्या घरातले माणूस रात्री पाणी धरायला जाते त्याला ते विचारा. पण १९६९मध्ये जो शेतकरी वीज संस्थेचा सभासद होता, तो या रचनेत जागेचा मालक आणि भाडेकरी कंपनीचा शेजारी आहे. एप्रिल २०२४पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली, तेव्हा मीटरचा विषय आणखी मागे पडला. सौर प्रकल्पातून किती युनिट निघाले आणि उपकेंद्रातून शेतीच्या फिडरवर किती गेले, हे दोन्ही आकडे आज मीटरवर दिसतात. तिथून पुढे विहिरीपर्यंत किती पाणी उपसण्यात गेले, किती तारेत जिरले आणि किती आकड्यावर, हे अजूनही अंदाजानेच लिहिले जाते.