तीन कप्प्यांची चाचणी

एखादा उंदीर दुसऱ्या उंदराची सोबत शोधतो की नाही, हे पाहण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंधित जनुकांत बदल केलेल्या उंदरांवर ती फार वापरली जाते. जॅकलिन क्रॉली, शेरिल मॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ती मांडली.

ॲक्रिलिकच्या आयताकृती पेटीचे दोन आडभिंतींनी तीन कप्पे केलेले असतात. भिंतींना उंदीर जाईल एवढी दारे. आधी उंदराला रिकाम्या पेटीत १० मिनिटे रुळू द्यायचे. मग एका टोकाच्या कप्प्यात तारेच्या पालथ्या पेल्याखाली अनोळखी उंदीर ठेवायचा, दुसऱ्या टोकाला तसाच रिकामा पेला. पुढील १० मिनिटांत उंदीर किती वेळ कुठे हुंगतो, ते मोजायचे. तिसऱ्या टप्प्यात रिकाम्या पेल्याखाली दुसरा अनोळखी उंदीर येतो; आता ओळखीचा की नवखा, ही निवड असते. तारांमधून नाकाला नाक लागते, पण कोंडलेला उंदीर अंगावर जाऊ शकत नाही. त्यामुळे भेटीचा पुढाकार पाहुण्याचा नसून चाचणीतल्या उंदराचाच असतो.

चाचणी फसते ती बारीकसारीक गोष्टींत. पेल्यावर वजन ठेवले नाही, तर उंदीर वर चढून बसतो आणि ती मिनिटे वाया जातात. अनोळखी उंदराला पेल्याची सवय आधीपासून लावावी लागते, नाहीतर तो तारा कुरतडतो, धडपडतो. तो दर वेळी डाव्याच बाजूला ठेवला, तर मोजले जाते ते डाव्या बाजूचे आकर्षण. आधीच्या उंदराचा वास राहू नये म्हणून दर फेरीनंतर पेटी पुसून कोरडी करतात. मोजणाऱ्याला जनुकप्रकार (कोणत्या उंदराची जनुके बदललेली आहेत) माहीत नसावा.

निकाल वाचताना सर्वांत जास्त चूक होते. प्रत्येक गटाला (जनुके बदललेले उंदीर हा एक, न बदललेले हा दुसरा) विचारायचा प्रश्न एकच: उंदराजवळचा वेळ रिकाम्या पेल्याजवळच्या वेळेपेक्षा जास्त आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. एका गटाचे सेकंद दुसऱ्या गटाशी ताडून ‘हा कमी सामाजिक’ म्हणणे या चाचणीला पेलत नाही. शिवाय ज्याला वासच येत नाही, तो उंदीरही इथे अलिप्तच दिसेल. म्हणून भुशात पुरलेले खाद्य तो हुंगून शोधतो का आणि एकूण हालचाल किती करतो, हे वेगळे तपासणे अत्यावश्यक आहे.

प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६जे जातीचे उंदीर सहसा पाहुण्याकडे ओढले जातात. बीटीबीआर जातीत ही ओढ दिसत नाही, आणि ते स्वतःचे अंग मात्र वारंवार चाटत-साफ करत राहतात. हे पुनरावृत्तीचे वर्तन तीन कप्प्यांत नीट पकडता येत नाही. त्यासाठी उंदराला रिकाम्या पिंजऱ्यात एकटे ठेवून १० मिनिटे रुळू देतात आणि पुढची १० मिनिटे फक्त अंग साफ करण्याचे सेकंद मोजतात. ऑटिझमशी संबंधित शँक३ जनुक बिघडवलेल्या काही उंदरांत हे इतके टोकाला जाते, की चेहऱ्यावरची कातडी सोलवटून जखमा होतात. या उंदरांना ‘ऑटिस्टिक’ म्हणू नये. दिसते ते ऑटिझमशी साम्य असलेले एखादे वर्तन.